उड्या एकाच्या, खेळ सगळ्यांचा : घरच्या ट्रॅम्पोलिनवर रचलेले खेळ

न्यू जर्सीत घर घेतलं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही बॅकयार्डमध्ये १४ फुटी ट्रॅम्पोलिन आणलं, म्हणजे गोल फ्रेमला स्प्रिंगांनी ताणून बसवलेली, उड्या मारायची मॅट आणि भोवती उंच जाळी. पहिले पंधरा दिवस पोरं तिथून हलत नव्हती. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यावर मेपलच्या गिरक्या घेत पडणाऱ्या बिया आणि शेजाऱ्यांचं मांजर, एवढंच उरलं. नुसतं वर-खाली, वर-खाली करण्यात मजा किती दिवस टिकणार?

मग कंटाळलेल्या पोरांनी आपणच एक खेळ काढला आणि त्याला नाव दिलं ‘लाह्या’. एकाने मध्ये बसून गुडघे छातीशी कवटाळायचे आणि बाकीच्यांनी भोवती उड्या मारून त्याचे हात सुटेपर्यंत त्याला उडवायचं. इथे हा खेळ पॉपकॉर्न नावाने घरोघरी चालतो. त्या दिवशी लाही होती आमची सहा वर्षांची धाकटी, आणि भट्टी म्हणजे अकरा वर्षांचा थोरला आणि त्याचे दोन मित्र. गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि उरलेली सुट्टी सोफ्यावर.

नवरा म्हणाला, विकून टाकू. विकलं नाही, पण एक नियम ठरला : मॅटवर एका वेळी एकच जण. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी नियम ऐकला आणि म्हणाल्या, “म्हणजे बाकीच्या पोरांनी काय रेशनच्या रांगेत उभं राहायचं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. एक उड्या मारतोय आणि चार जण जाळीला नाक लावून “माझा नंबर कधी?” विचारतायत, याला खेळ म्हणत नाहीत. दहाव्या मिनिटाला कुणीतरी चेन उघडून आत घुसतंच. उत्तर सापडलं ते सासूबाईंच्याच लहानपणात. आपल्या अंगणातल्या कितीतरी खेळांत राज्य एकावरच असतं, पण म्हणून बाकीचे रिकामे बसलेले नसतात. ट्रॅम्पोलिनवर चढतो त्याच्यावर राज्य, आणि जमिनीवरच्या प्रत्येकाला काहीतरी काम. पुढचे सगळे खेळ याच एका युक्तीतून निघाले आहेत.

एकच जण का

पोरांना नुसतं “नाही म्हणजे नाही” सांगून चालत नाही. कारण कळलं की तीच एकमेकांवर लक्ष ठेवतात, म्हणून हे नीट समजावून सांगा.

जड मूल खाली येतं तेव्हा मॅट खोल जाते आणि कडेच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. त्या आखडायला लागल्या की मॅट जोरात वर येते. नेमकी ती वर येत असताना हलकं मूल वरून खाली येत असेल, तर मऊ मॅटवर पडण्याऐवजी ते वर येणाऱ्या कडक पृष्ठभागावर आदळतं. सगळा धक्का त्याच्या पायाच्या हाडांत जातो. त्याने स्वतः कितीही नीट उडी मारलेली असो, मॅट कोणत्या क्षणी वर येणार हे दुसऱ्याच्या वजनाने ठरवलेलं असतं. धाकटीचं हेच झालं. ती पडली नव्हती, कुणी तिला ढकललंही नव्हतं. ती जागच्या जागी बसलेली होती.

अंगणातल्या खेळात ‘कच्चं लिंबू’ असतं ना, त्याला आऊट करत नाहीत, सगळे सांभाळून घेतात. ट्रॅम्पोलिनवर गणित उलटं. तिथे पहिला फटका कच्च्या लिंबालाच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली काढलेल्या निवेदनात म्हटलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या जवळजवळ तीन चतुर्थांश दुखापती एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यात सगळ्यात लहान मुलाला दुखापत व्हायची शक्यता जड सोबत्यापेक्षा १४ पटींपर्यंत असते. भोवतीच्या जाळीने दुखापती फारशा कमी झालेल्या दिसत नाहीत, असंही त्यात आहे. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. घरी खेळ म्हणून ट्रॅम्पोलिन वापरूच नका, असा त्यांचा सल्ला आहे. तो वाचून तुम्हाला घ्यावंसं वाटलं नाही, तर तो निर्णय शहाणपणाचाच. हा लेख ज्यांच्या अंगणात ते आधीच उभं आहे त्यांच्यासाठी आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी आमच्या घरात देवाच्या शपथेसारख्या पाळल्या जातात. सहा वर्षांखालचं मूल मॅटवर नाही. आणि कोलांटी उडी कुणीच मारायची नाही, पुढे नाही, मागे नाही, ‘मला क्लासमध्ये शिकवलीय’ म्हणणाऱ्यानेही नाही. मानेच्या मणक्याला कायमची इजा होते ती बहुतेक याच उडीत.

थोरल्याला पटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. ट्रॅम्पोलिन २०००च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथेही एका मॅटवर एकच खेळाडू असतो. दोघांनी अगदी एकसारख्या उड्या मारायची सिंक्रोनाइज्ड नावाची स्पर्धा जागतिक पातळीवर होते, त्यातही दोघं दोन वेगवेगळ्या ट्रॅम्पोलिनवर उभे असतात. “बघ, त्यांनाही परवानगी नाही,” एवढं वाक्य पुरलं.

खेळाआधी दहा मिनिटं

हे काम मोठ्या माणसाने करायचं. शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन एक फेरी मारली तरी होतं. पाय जमिनीवर सपाट टेकलेत का, फ्रेम हलते का ते बघा. स्प्रिंगांवरून हात फिरवा. एखादी सुटलेली, गंजलेली किंवा ताणून लांब झालेली दिसली तर बदला. स्प्रिंगांवरची गादी सरकलेली असते, ती पुन्हा बांधा. ऊन-पावसाने ती दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होते, तेव्हा नवी घ्यावीच लागते. मॅटच्या शिवणीकडे विशेष लक्ष द्या. जाळीची चेन पूर्ण लागायला हवी. चहूबाजूंना सहा-सात फूट मोकळी जागा हवी, आणि डोक्यावर फांदी, वायर, कपड्यांची दोरी काही नको.

मॅटखाली वाकून बघायचं विसरू नका. चेंडू, पाण्याची झारी, कधी कधी सशाचं पिल्लू. खाली कोणी असताना वर उडी नाही. मॅट खाली किती येते हे वरच्याला कळत नाही.

काळी मॅट जुलैच्या दुपारी तव्यासारखी तापते. तळहात ठेवून बघा. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला नाही, तर संध्याकाळपर्यंत थांबा. पाणी मारून गार करता येते, पण ओली मॅट निसरडी असते, म्हणजे पुन्हा वाळेपर्यंत उड्या बंद. स्प्रिंकलर लावून ओल्या मॅटवर नाचणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले आहेत, त्यांना माझा नमस्कार.

घराचा विमा असेल तर पॉलिसीत ट्रॅम्पोलिनबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही पॉलिस्यांत ते चालत नाही, काहींना जाळी हवी असते. काही वसाहतींच्या नियमांतही ते बसत नाही. आणि खेळ संपला की शिडी काढून गॅरेजमध्ये. शिडी दिसली की शेजारचं चार वर्षांचं पोर चढणारच.

सामान फार लागत नाही. फुटपाथवर चित्रं काढायचे जाड खडू, जोडीदार हरवलेले मोजे, एक जुनी चादर, रुमाल, शिट्टी, कागदी पेले. मॅटवर जाणाऱ्याचे खिसे रिकामे, पायात बूट नाहीत, गळ्यात साखळी नाही, हातात बांगडी-कडं नाही. केस बांधलेले.

पहिला धडा : थांबणं

नवीन माणूस उडायला आपोआप शिकतो, थांबायला शिकवावं लागतं. खाली येताना गुडघे वाकवायचे, हात पुढे धरायचे आणि मॅटची उसळी गुडघ्यांत जिरवायची. पाय मॅटला चिकटल्यासारखे राहिले पाहिजेत. कुणी “थांब” म्हटलं की एका उसळीत थांबता आलं, तरच पुढच्या खेळांत प्रवेश. आमच्याकडे हीच परीक्षा आहे. पाहुण्या मुलांनाही ती द्यावी लागते. मोठ्यांनाही. माझा नवरा दोनदा नापास झाला.

उतरायचं कसं, हेही आत्ताच. थांबायचं, मग चालत कडेला यायचं, बसायचं, शिडीवरून पाठमोरं उतरायचं. मॅटवरून थेट गवतावर उडी मारायची नाही.

शिवाजी म्हणतो

सुरुवात या खेळाने करा, अंग गरम होतं आणि थांबण्याचा सरावही होतो. एक जण मॅटवर, जमिनीवरचा एक जण हुकूम देणार. “शिवाजी म्हणतो, टाळी वाजव.” “शिवाजी म्हणतो, पाय फाकव.” “शिवाजी म्हणतो, पाव गिरकी.” “शिवाजी म्हणतो, थांब.” आणि मध्येच, शिवाजीचं नाव न घेता, “टाळी वाजव!” ज्याने वाजवली तो चकला.

इथे एक बारकावा आहे, तो आम्हाला उशिरा कळला. हुकूम पाय मॅटला लागलेले असताना द्यायचा. मूल हवेत असताना ओरडलात तर ते हवेतच वळायला जातं आणि तिरकं पडतं. पाय टेकले, हुकूम, मग पुढच्या उडीत करायचं. दोन-चार वेळा केलं की हुकूम देणाऱ्याला ताल सापडतो, ढोलकीवर थाप बसावी तसा.

बाकीचे काय करतात? तेही जमिनीवर तेच हुकूम पाळतात. चकले की गवतावर बसायचं. शेवटी उभा राहील तो पुढचा मॅटवर. म्हणजे पाच जणांचा खेळ, आणि उड्या एकाच्या.

आजीचे पाढे

हा आमच्या घरचा सगळ्यात लाडका खेळ, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॅटच्या मधोमध खडूने एक चौकोन काढा, ते घर. त्याच्याभोवती साधारण अडीच फुटांवर घड्याळासारखे गोल क्रमाने शून्य ते नऊ आकडे लिहा. त्याहून बाहेर नको, उडी स्प्रिंगांच्या जवळ जायला लागते. आकडे मराठीत लिहा. इथेच अर्धी गंमत आहे. इथल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. धाकटी पहिले दोन दिवस एकावर उडी मारून “नऊ!” असं छातीठोकपणे सांगायची.

खेळ असा. सासूबाई गवतावर खुर्ची टाकून बसतात. साडी, डोक्यावर बेसबॉलची टोपी, हातात वही. त्या म्हणणार, “सात त्रिक?” मॅटवरच्याने घरातून दोनावर छोटी उडी मारायची, परत घरात यायचं, मग एकावर, परत घरात. एकवीस झाले. उड्या घोट्याएवढ्याच, उंच नाहीत. आजी पाच पाढे विचारणार आणि मग राज्य संपणार.

मजा येते ती एकोणपन्नासला. सात साती? उत्तर तोंडाने बरोबर येतं, “एकोणपन्नास!” आणि पाय पडतात पाचावर. ‘पन्नास’ कानाला ऐकू आला ना! मग एकोणचाळीस, एकोणसत्तर अशी उत्तरं येणारे पाढे मुद्दाम शोधून शोधून सासूबाई विचारतात. मराठी शाळेत रविवारी रविवारी जाऊन जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पायांतून शिरलं. एकोण म्हणजे एक कमी, मागच्या दशकातला नऊ, हे आता धाकटी पाहुण्यांना शिकवते.

जमिनीवरच्यांचं काम चूक पकडण्याचं. पाय चुकीच्या आकड्यावर पडताच जो आधी “चूक!” म्हणेल, त्याचा पुढचा नंबर. पण बरोबर असताना “चूक” म्हटलं तर तो शेवटच्या नंबरावर. त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात पाढा म्हणत असतो. उगाच ओरडून चालत नाही.

मागच्या वर्षी सासरेही आले होते. त्यांनी हौसेने औटकी काढली, म्हणजे साडेतीनचा पाढा. “औट...” एवढं कानावर पडलं आणि थोरला तोंड पाडून शिडीवरून खाली उतरला. त्याला वाटलं, आपण आऊट!

मामाचं पत्र हरवलं

यात जितके जास्त, तितकं चांगलं. सहा-सात जण तरी हवेत. त्यामुळे शनिवारी दोन कुटुंबं जेवायला आली की हाच.

१. राज्य असलेला मॅटवर मधोमध उभा राहतो. बाकीचे ट्रॅम्पोलिनच्या भोवती, जाळीपासून चार-पाच पावलं दूर, गोल करून उभे राहतात. सगळ्यांचे हात पाठीमागे. एकाच्या हातात रुमाल, तेच पत्र.

२. मॅटवरचा हलक्या उड्या मारायला लागतो आणि प्रत्येक दुसऱ्या उडीला पाव गिरकी घेतो. म्हणजे आठ उड्यांत तो एकदा चारी दिशांना तोंड करून येतो.

३. “मामाचं पत्र हरवलं” असा घोष सुरू होतो आणि उत्तर येतं, “ते मला सापडलं!” घोष चालू असताना रुमाल पाठीमागून शेजाऱ्याकडे सरकवायचा, पण फक्त मॅटवरच्याची पाठ तुमच्याकडे असताना. त्याचं तोंड तुमच्याकडे असेल तेव्हा पुतळा.

४. सोळा उड्या झाल्या की तो थांबतो आणि सांगतो, पत्र कुणाकडे. दोन संधी. ओळखलं तर ज्याच्याकडे पत्र सापडलं त्याच्यावर राज्य. नाही ओळखलं तर त्याने गोलातल्या सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. हा नियम पोरांनीच केला, आणि जुलैमध्ये सोयीचा आहे.

उड्या हलक्या का? गिरकी घेताना जो उंच उडतो तो मधून सरकतो. मॅटवरच्याचं मन पत्रात असतं, पायांकडे लक्ष नसतं. म्हणून एका मोठ्या माणसाने रुमाल विसरून फक्त त्याचे पाय बघत राहायचं. घराच्या चौकोनाबाहेर दोनदा पाय पडला की शिट्टी. उभं राहायचं, मध्ये यायचं, पुन्हा सुरू.

ही मधून सरकण्याची खूण सगळ्याच खेळांत कामाची आहे. मूल दमलंय हे ते कधीच कबूल करत नाही, पाय सांगतात. आधी मधोमध पडणारे पाय एकदम कडेकडे पडायला लागले की त्याला खाली उतरवा. ऑलिंपिकमध्येही मधून सरकलं की गुण जातात, असं सांगितलं की अपमान वाटत नाही.

साखळी

पहिला एक उडीप्रकार करतो आणि उतरतो. दुसरा तो करून आपला एक जोडतो. तिसरा पहिले दोन करून तिसरा जोडतो. विसरला तो बाद. आमची साखळी दहाच्या वर जात नाही, आणि ऑलिंपिकच्या खेळाडूंच्या एका सादरीकरणातही दहाच प्रकार असतात, त्यामुळे पोरं भलतीच खूश.

प्रकारांना नावं आपली द्या, लक्षात राहतात. पाय फाकवले की ‘चांदणी’. गुडघे पोटाशी घेतले की ‘पोटली’. हात वर करून सरळ उडी म्हणजे ‘झेंडा’. ढुंगणावर बसून परत उभं राहणं म्हणजे ‘बसकण’. बसकणीत पाय समोर सरळ, तळहात कमरेशेजारी, बोटं पायांकडे वळलेली असली पाहिजेत. हात मागे ताठ टेकवले तर कोपर आणि मनगट दुखावतं. गुडघ्यांवर पडणं आम्ही यादीतून काढलं, कंबरेला हिसका बसतो. पोटावर आणि पाठीवर पडणंही नाही.

उतरा-चढीत वेळ जातो, हे खरं. पण त्या वेळात सगळे साखळी घोकत असतात, आणि खरं तर खेळ तोच आहे.

मोज्यांचा झेल

एकेकट्या राहिलेल्या मोज्यांच्या घट्ट गुंडाळ्या करा. मॅटवर एका वेळी एकच गुंडाळी द्यायची. मॅटवर चेंडू पसरू नका, मॅट खाली गेली की सगळे घरंगळत पायाखाली येतात. उडी मारणाऱ्याने वर गेल्यावर जाळीवरून मोजा बाहेर फेकायचा आणि खाली दोघांनी चादर ताणून तो झेलायचा. पडला तर फेकणाऱ्याचा एक गुण कमी की झेलणाऱ्यांचा, यावर भांडण ठरलेलं. आम्ही दोघांचाही कमी करतो.

चार वर्षांच्या भाच्याला यात पडलेले मोजे गोळा करून टोपलीत टाकायचं काम असतं. शिट्टीही त्याच्याकडेच. मॅटवर जायला मिळत नाही याचं दुःख शिट्टीने पूर्ण भरून निघतं. आमच्या कानांचं काय, ते सोडा.

मोठ्या मुलांना हे सोपं वाटायला लागलं की गवतावर कागदी पेल्यांची लगोरी रचा. वरून मोजा मारून ती फोडायची, खालच्यांनी पुन्हा रचायची. तो दुसरा मोजा मागून घेईपर्यंत रचून झाली तर खालचे जिंकले.

आपला खेळ आपण कसा रचायचा

कुठलाही जुना खेळ घ्या आणि तीन गोष्टी ठरवा. राज्य कुणावर, तो मॅटवर. बाकीचे जमिनीवर काय करणार, हे ठरलं नाही तर तो खेळ टाकून द्या. आणि राज्य कधी संपणार, ते उड्यांच्या आकड्यात ठरवा. ‘दमेपर्यंत’ हा आकडा नाही.

सगळे जमत नाहीत. आंधळी कोशिंबीर पहिल्या मिनिटाला बाद, डोळे बांधून मॅटवर उभंही राहू नये. डबा ऐसपैस करून बघितला, पण लपायला सगळे ट्रॅम्पोलिनच्या खाली शिरायला लागले, म्हणून तोही बंद. लंगडी मी आधीच नाकारली. एका पायावर उसळी घेतली की घोटा मुरगळतोच. पोरांनी माझ्या माघारी ती करून बघितली आणि स्वतःच येऊन सांगितलं की नको.

आणि वीस-पंचवीस माणसं घरी असतील, गणपतीचं जेवण असेल, कुणाचा वाढदिवस असेल, त्या दिवशी ट्रॅम्पोलिन बंद ठेवा. चेन लावा, शिडी काढा. मोठी माणसं वाढपात गुंतलेली असताना पाय बघत बसायला कोणी नसतं. एरवी पाहुण्या मुलांच्या आईवडिलांना आधी विचारा. “नको” म्हणाले तर त्या मुलाला शिट्टी द्या.

दिवस मावळल्यावर

उड्या थांबल्या की शेवटचा खेळ. यात मॅटवर दोघं-तिघं चालतात, कारण कोणीच उडी मारत नाही. फक्त सगळ्यांचं मिळून वजन फ्रेमवरच्या लेबलावर लिहिलेल्या आकड्याच्या आत हवं. पाठीवर पडायचं, डोकी मध्ये, पाय बाहेर, आणि गाण्याच्या भेंड्या. कोणी हललं की सगळेच हलतात, त्यामुळे ‘ठ’ आल्यावर डोकं खाजवणाराही लगेच पकडला जातो.

जूनच्या अखेरीपासून आमच्या अंगणात काजवे निघतात. त्या वर्षी धाकटीचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा तिला मॅटवर घेतलं ते असंच, नुसतं पडायला. सासूबाई खुर्चीतून उठल्या, चपला काढल्या, टोपी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मला पण चढवा.” शिडीच्या तीन पायऱ्या चढायला आम्ही तिघं लागलो. मध्यापर्यंत त्या रांगत गेल्या, आडव्या झाल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग धाकटीने विचारलं, “आजी, झोपलीस?”

“नाही गं. तुझ्यावर राज्य आहे. ‘ळ’ आलाय.”